समुद्र बादलीतला वाटतोय? आधी वाऱ्याचा आकडा ठरवा

तुमचे दोन्ही स्टिल पाहिले. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये उत्तर समुद्रातलं वादळ, मध्ये सात-आठ पवनचक्क्या, आणि तुमची तक्रार अशी की लाटा कितीही वाढवल्या तरी बादलीतलं पाणी हिंदकळल्यासारखं दिसतं आणि पवनचक्क्या खेळण्यातल्या वाटतात. अगदी ह्याच जागी मी अडकून बसलो होतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. मटेरियल आणि एचडीआरआय (आकाशाच्या फोटोवरून दिलेला उजेड) तुम्हाला येतं हे दिसतंच आहे, त्यात शिरत नाही. फक्त समुद्राचा तो निळा रंग काढा. ढगाळ हवेत समुद्र आकाशाचाच राखाडी रंग घेतो.

खरी गोम ओशन मॉडिफायरच्या (ब्लेंडरमधलं समुद्र तयार करणारं साधन) 'स्पेशियल साइज'मध्ये, म्हणजे समुद्राचा किती मोठा तुकडा मोजायचा त्या आकड्यात आहे. तो मुळात ५० मीटर असतो आणि तुम्ही तो तसाच ठेवलेला दिसतोय. आता हिशेब बघा. खोल पाण्यात १० सेकंदांच्या लाटेची लांबी साधारण १५६ मीटर भरते. ती ५० मीटरच्या तुकड्यात मावणार कशी? मग लांबी मिळत नाही म्हणून आपण 'स्केल', म्हणजे लाटांची उंची, वाढवत बसतो. लाटा आखूड राहतात, उंच होतात, आणि झाली बादली तयार. 'साइज' वाढवूनही उपयोग नाही, तो लाटा नुसत्या आडव्या ताणतो. स्पेशियल साइज ५०० च्या आसपास न्या. रेझोल्यूशन १६ म्हणजे आत २५६ गुणिले २५६ ची जाळी, म्हणजे दर दोन मीटरला एक बिंदू. ३२ केलंत तर अर्ध्या मीटरवर याल, पण मशीन धापा टाकेल. कॅमेऱ्याजवळच्या बारीक लाटांसाठी दुसरा छोटा ओशन वेगळा बेक करून (आधीच मोजून साठवून) बंपमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचा खडबडीतपणा भासवणाऱ्या नकाशात घाला. त्याचा आकार मोठ्याच्या पटीत ठेवू नका, नाहीतर एकच नक्षी पुन्हापुन्हा आलेली दिसते.

स्पेक्ट्रम, म्हणजे लहानमोठ्या लाटांचं प्रमाण ठरवणारं सूत्र, जॉनस्वॅप घ्या. हे सूत्र उत्तर समुद्रातच मोजमापं घेऊन १९७३ मध्ये मांडलं गेलं, तेव्हा तुमच्या सीनला ते घरचंच आहे. चॉपीनेस (लाटांच्या माथ्यांचा टोकदारपणा) एकच्या फार पुढे नेऊ नका, माथे एकमेकांत घुसतात.

आता पवनचक्क्या. उत्तर समुद्रातल्या हॉर्न्सी वन या पवनचक्क्यांच्या प्रकल्पाचं उदाहरण घ्या. यॉर्कशायरच्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर आत, १७४ पवनचक्क्या, रोटरचा व्यास १५४ मीटर, पात्याचं टोक पाण्यापासून १९० मीटरपर्यंत जातं. ब्यूफोर्टच्या मोजपट्टीत (वाऱ्याचा जोर सांगणारे आकडे) ९ नंबरच्या वाऱ्याला उघड्या समुद्रात लाट धरतात ७ मीटर. १९० ला ७! तुमच्या चित्रात लाट जवळजवळ हबला, म्हणजे पाती जिथे जोडलेली असतात त्या मध्याला, टेकलीय. खांबाच्या बुडाशी जो पिवळा भाग असतो तो भरतीच्या सर्वोच्च पातळीपासून साधारण १५ मीटर वर जातो. त्यावर बोट लावायची शिडी आणि कठड्याचा प्लॅटफॉर्म नक्की मॉडेल करा, माणसाच्या मापाची तेवढीच गोष्ट फ्रेममध्ये असते आणि डोळा तिथूनच मोजमाप घेतो. तुषार त्याच्या वर उडाले तर उडू देत, पण अख्खी लाटच पिवळ्याच्या वर गेली की पाहणाऱ्याला लगेच खटकतं. दोन पवनचक्क्यांत अंतर किलोमीटरभर तरी ठेवा, म्हणजे मागची रांग धुक्यात आपोआप विरते. भव्यता हवी असेल तर लाट वाढवू नका, कॅमेरा खाली आणा. बोटीच्या डेकच्या उंचीवर, चार-पाच मीटर. ड्रोनच्या उंचीवरून वादळसुद्धा सपाट दिसतं.

ह्यापुढचं जरा मनातलं. एका परदेशी प्रकल्पाचं असंच काम मला मधल्या एका एजन्सीमार्फत मिळालं होतं. नाव घेत नाही. त्यांच्या रिव्ह्यू ऑफिसातून दर वेळी एकच शेरा यायचा: "अजून ड्रामा हवा." लाटा वाढवा, पाती जोरात फिरवा. मी लेखी कळवलं की वारा सेकंदाला २५ मीटरच्या पुढे गेला की ही यंत्रं स्वतःला बंद करतात. पाती ९० अंशांच्या आसपास वळून धार वाऱ्याकडे करतात आणि रोटर रेंगाळत फिरतो. त्यावर उत्तर आलं, "बंद पवनचक्की दाखवली तर क्लायंटला वाटेल प्रकल्प बंद पडलाय." बरं बाबा, तुमचं खरं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे सगळं रेंडर करून दिलं. शेवटच्या क्लायंटकडच्या इंजिनिअरने एका ओळीत परत पाठवलं: एवढ्या समुद्रात आमची यंत्रं फिरत नाहीत. एजन्सीने हात वर केले, काम 'रिव्हिजन'मध्ये धरलं आणि नव्या रेंडरचा पैसा द्यायला साफ नकार. फोन केला की संबंधित व्यक्ती मीटिंगमध्ये. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

तेव्हापासून मी ब्रीफमध्ये पहिली ओळ वाऱ्याची लिहून घेतो, तीही १० मीटर उंचीवरचा वेग म्हणून. समुद्राजवळ सेकंदाला २० मीटर असेल तर हबपाशी सहज २५ होतो. मग बाकी सगळं त्या एका आकड्यावरून निघतं: लाटेची उंची, फेसाच्या पट्ट्या, पात्यांचा कोन. २० च्या आत राहिलात तर पाती फिरवा, पण मिनिटाला दहाच्या आसपास फेरे, त्याहून जास्त नाही. १५४ मीटरच्या रोटरचं टोक तेवढ्यातच ताशी तीनशे किलोमीटरच्या जवळ जातं. सगळे रोटर एकाच दिशेला, वाऱ्याकडे तोंड करून, आणि समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरणारे. फेसाच्या लांब पट्ट्याही वाऱ्याच्याच रेषेत. तुमच्या दुसऱ्या स्टिलमध्ये त्या आडव्या गेल्यात, बहुतेक टेक्स्चर फिरलंय.

माझा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. मी इंजिनिअर नाही, नुसता रेंडर करणारा माणूस आहे. काही नवीन यंत्रं २५ ला एकदम थांबत नाहीत, हळूहळू उत्पादन कमी करत जातात, तेव्हा मॉडेल कुठलं ते आधी विचारून घ्या. आणि कोणाला निव्वळ सुंदर चित्र हवं असेल तर ह्यातलं निम्मं गुंडाळून ठेवलं तरी चालेल.

जाता जाता एक. ऑनलाइन रेंडर फार्मवर (भाड्याने रेंडर करून देणारे संगणक) टाकणार असाल तर ओशनचा बेक केलेला कॅशे, म्हणजे साठवलेला डेटा, ब्लेंड फाइलमध्ये पॅक होत नाही, तो वेगळा फोल्डर असतो. पाथ रिलेटिव्ह ठेवा, फोल्डर सोबत चढवा आणि आधी मधलीच एखादी फ्रेम रेंडर करून बघा. पहिली फ्रेम बघून काही कळत नाही, कारण विरत जाणारा फेस बेकमध्ये हळूहळू साचत जातो. स्पेशियल साइज बदलून नवीन स्टिल टाका, वारा किती धरलाय तेही लिहा, मग फेसाबद्दल बोलू.