बोन्साय: चमचाभर पाणी आणि चिकटवलेले खडे

प्रश्न : बोन्साय घरात ठेवणे अशुभ असते, असे ऐकले. खरे आहे का?
उत्तर : नाही. मात्र झाड अंधाऱ्या दिवाणखान्यात ठेवले, तर झाडाचे वाईट होते हे खरे.

प्रश्न : ठाण्याला राहते. भेट मिळालेल्या ज्युनिपर (थंड हवेतले सूचीपर्णी झाड) बोन्सायला सोबतच्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे रोज एक चमचा पाणी घातले. दोन महिने हिरवेगार होते, आता पाने झडत आहेत. काय चुकले?
उत्तर : चूक तुमची कमी आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याची अधिक आहे. ज्युनिपर मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरवा दिसतो, त्यामुळे झाड कदाचित पहिल्याच महिन्यात गेले असावे. नखाने खोड किंचित खरवडा. सालीखाली हिरवा ओला थर दिसला नाही, तर आशा नाही. त्यातून या झाडाला थंडीची विश्रांती लागते आणि ती ठाण्यात मिळत नाही. कुंडीवरचे पांढरे खडेही हलवून पाहा. ते डिंकासारख्या पदार्थाने चिकटवलेले असतील, तर पाणी मुळांपर्यंत न पोहोचता कडेने ओघळते. खडे वाहतुकीत सांडू नयेत ही दुकानदाराची सोय, आणि तिची किंमत झाड मोजते. असे खडे त्याच दिवशी काढावेत, तळाला छिद्र आहे याची खात्री करावी आणि पाणी चमचा किंवा वार न मोजता, बोट पेरभर मातीत घालून वरचा थर सुकू लागल्यावर, छिद्रातून वाहीपर्यंत घालावे. पुढच्या वेळी नांदुर्की, वड किंवा उंबर घ्या. विकत घेण्यापूर्वी जाणकाराला दाखवलेत तर उत्तम.

प्रश्न : वडाची कुंडी सहा वर्षे बदललेली नाही. दिवाळीत बदलू का?
उत्तर : दिवाळीत नको. आधीच उशीर झाला आहे, तरी पावसाळ्याच्या तोंडाशी करा. कुंडी बदलताना मुळेही छाटतात. साधारणपणे एक तृतीयांशाहून अधिक मुळे एका वेळी कापू नयेत, आणि इतकी वर्षे दाटलेल्या मुळांना पहिली कात्री अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच लावावी.

प्रश्न : फांदीला आकार देण्यासाठी गुंडाळलेल्या तारेचे वळ फांदीवर उमटले आहेत. तार उलटी फिरवून काढू का?
उत्तर : पक्कडीने तुकडे करून काढा. पावसाळ्यात तार दर आठवड्याला तपासावी लागते. वळ खोल असल्यास पुन्हा तार गुंडाळण्याआधी झाड कुंडीसह जवळच्या बोन्साय मंडळात घेऊन जा, कारण फोटोवरून खोली कळत नाही.