बबडीला सोबत नक्की कोणाची हवीय?

प्रश्न: ताई, आमच्याकडे बबडी नावाची पॉमेरेनियन आहे, वय ४ वर्षं, वजन ३ किलो, नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही. आम्ही दोघं नोकरीवाले, मुलगा कॉलेजात, त्यामुळे सकाळी ९ ते संध्याकाळी ६ ती घरात एकटीच. आम्ही बाहेर पडलो की जी रडायला लागते ती शेजाऱ्यांना ऐकू जाते, परवा तर दाराची चौकट कुरतडून ठेवली. जो तो म्हणतो दुसरा कुत्रा आणा, तिला सोबत होईल. आता घरात तीन मतं झालीत. मुलाला लॅब्राडोरच पाहिजे, बायको म्हणते अजून एक पॉमचं पिल्लू आणू, आणि एका ओळखीच्यांकडे दीड महिन्याच्या दोन बहिणी आहेत, छोट्याच जातीच्या, ते म्हणतात दोन्ही घेऊन जा, आपापसात खेळतील, तुमच्या डोक्याला ताप नाही. बबडी तशी मिळून मिसळून वागते, शेजारचा कुत्रा आला की मस्त खेळते, फक्त तो सोफ्यावर बायकोजवळ गेला की चावायला धावते, पण ते तेवढंच. तर कुठला आणावा?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही "पण ते तेवढंच" म्हणून उडवून लावलीत बघा. ते तेवढंच नाहीये. बबडीला कुत्रे चालतात, मांडीत वाटेकरी चालत नाही. ४ वर्षं ती मांडी, तो सोफा, ती उशी सगळं एकटीच्या मालकीचं, आणि तुम्ही कोणालाही आणलंत तरी तिच्या हिशोबात तो आधी वाटेकरी आणि मग जमलंच तर सोबती. त्यामुळे जात कुठली हा प्रश्न जरा बाजूला ठेवू.

आधी रडण्याचं बघू. एक जुना मोबाईल कॅमेरा म्हणून लावून ठेवा आणि तुम्ही गेल्यावर काय होतं ते बघा. दार बंद झाल्या झाल्या पहिल्या अर्ध्या तासातच दाराशी रडणं, चौकट कुरतडणं, लाळ गळणं, येरझाऱ्या असं असेल तर ती माणसं गेली म्हणून घाबरतीये, आणि त्या भीतीवर दुसरा कुत्रा हे औषध नाही. उलट कधीकधी नवीन आलेला पण तेच शिकतो आणि मग शेजाऱ्यांना जुगलबंदी ऐकावी लागते. तसं असेल तर आधी तिला अर्धा मिनिट, मग एक मिनिट, मग पाच असं हळूहळू एकटं राहायला शिकवा, आणि फारच हाल होत असतील तर डॉक्टरांना विचारा, यावर खरंच गोळ्या असतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जर ती सकाळी निवांत झोपत असेल आणि दुपारनंतर उठून खिडकीत भुंकणं, चपला चघळणं चालू होत असेल तर तो कंटाळा आहे, तिथे सोबतीचा उपयोग होऊ शकतो. आणि तपासायची सोय तुमच्याकडे आहेच की! शेजारच्या कुत्र्याला घरी बोलवा, खेळणी वगैरे उचलून ठेवा, दोघांना आत ठेवून तुम्ही सगळे बाहेर पडा आणि जिन्यात उभं राहून मोबाईलवर दहा मिनिटं बघत बसा. कुत्रा शेजारी असूनही बबडी दाराशीच रडतीये? मग तुम्हाला उत्तर मिळालं.

समजा कंटाळाच निघाला. आता तुमच्या घरातली तीन मतं.

मुलाला सांगा, लॅब्राडोर गुणी असतो, माझा पण लाडका, पण मोठा झाला की २५ ते ३५ किलो, म्हणजे बबडीच्या दहापट. तीन-चार महिन्यांचं पिल्लूच १० किलोच्या वर गेलेलं असतं आणि त्या वयात त्याला स्वतःचे पाय कुठे आहेत हेही कळत नाही. आमच्याकडे हे झालंय म्हणून सांगते. आमची छोटी साडेतीन किलोची आणि मोठा एकदम साधा, कधी गुरगुरला पण नाही, खेळता खेळता प्रेमाने पंजा टाकला आणि हिचा पुढचा पाय मोडला. छोट्या जातीच्या कुत्र्यांची पुढच्या पायाची हाडं पेन्सिलीएवढीच असतात, सोफ्यावरून उडी मारली तरी मोडू शकतात. नंतर कित्येक आठवडे प्लास्टर, आणि तो बिचारा तिच्या बाजूला बसून कुई कुई करतोय. दुसरी भीती अजून मोठी आहे. छोटा कुत्रा किंचाळत पळायला लागला की एखाद्या मोठ्या कुत्र्याच्या डोक्यात क्षणात खेळ संपतो आणि शिकार चालू होते, वर्षानुवर्षं एकत्र राहिलेल्यांमध्ये पण हे होतं, आणि ३ किलोच्या जिवाला एकच झटका पुरतो. तुम्ही ९ ते ६ घरात नाही. म्हणून माझं सरळ मत, लॅब्राडोर नको. वजन तिच्या दुप्पट-अडीचपटीच्या आतच ठेवा.

दोन बहिणींचं तर विसराच. एका वयाची दोन पिल्लं एकत्र आणली की ती बरेचदा एकमेकींतच अडकतात, माणसाचं कमी ऐकतात, शी-शू शिकवणं डबल, आणि बबडी आधी एकटी होती ती आता दोघींच्या समोर एकटी. त्यात दोघी माद्या, तिसरी ही, आणि घरातल्या घरात माद्यांची भांडणं एकदा लागली की सोडवायला महाकठीण. शिवाय दीड महिन्याचं पिल्लू आईपासून तोडूच नये हो, निदान ८ आठवडे तरी राहू द्या, किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकतं. ओळखीच्यांना पण सांगा हे.

बायकोचं पॉमचं पिल्लू वजनाला ठीक, पण पिल्लाला ९ तास एकटं ठेवणार कोण? म्हणजे ठेवणार बबडीच, तुम्ही तिला आयाच करताय. वयाने मोठे कुत्रे पिल्लाला साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत सांभाळून घेतात, शेपूट ओढली तरी सोडून देतात, नंतर ही सवलत बंद होते. शिवाय पिल्लू मोठं होऊन कसं निघेल हे कोणीच सांगू शकत नाही.

म्हणून माझं मत, २-३ वर्षांचा नर बघा, नसबंदी झालेला, ४ ते ७ किलो, मिश्र जातीचा असला तरी उत्तम, आणि मुख्य म्हणजे आधी कुठल्या तरी घरात दुसऱ्या कुत्र्याबरोबर राहिलेला, म्हणजे त्याला सांभाळणारी माणसं तुम्हाला त्याचा स्वभाव खराखुरा सांगू शकतील. बबडीपेक्षा थोडा शांतच बरा. तिचं ऑपरेशन राहिलंय ते आधी उरकून घ्या, कारण नराची नसबंदी नुकतीच झाली असेल तर पुढचे महिना-दीड महिना तो पिल्लं देऊ शकतो, हे खूप जणांना माहीतच नसतं.

निवडताना एकच गोष्ट नीट बघा, बबडी गुरगुरली की तो काय करतो. तोंड फिरवून बाजूला झाला, जमीन हुंगायला लागला, तर सोनं आहे, घरी न्या. ताठ उभा राहून टक लावून बघत बसला किंवा पुन्हा पुन्हा अंगावर आला तर कितीही गोंडस असू दे, नको. भेट घरात नको, दोघांच्याही ओळखीची नसलेली मोकळी जागा बघा, दोन माणसं, दोन पट्टे, आधी दहा-पंधरा फुटांवरून एकाच दिशेने चालत राहा, मग हळूहळू जवळ. पट्टा सैल, आणि बबडीला गळ्यातला पट्टा नको, हार्नेस म्हणजे छातीभोवतीचा पट्टा घाला, या छोट्यांची श्वासनळी नाजूक असते. आणि प्लीज तिला घाबरून उचलून कडेवर घेऊ नका, ती वरून भुंकणार, तो खालून उड्या मारणार आणि पहिलीच ओळख बिघडणार. जिथे खूप कुत्रे एकत्र असतात तिथून आणत असाल तर आधी डॉक्टरांना दाखवा, लसी आणि जंताचं औषध बघून घ्या आणि १०-१४ दिवस खोकला-जुलाब नाहीत ना बघत वेगळ्या खोलीत ठेवा.

घरी आल्यावर वाट्या वेगळ्या, गाद्या वेगळ्या, चघळायच्या वस्तू समोरासमोर द्यायच्याच नाहीत, आणि निदान पहिले दोन-तीन महिने घरात कोणी नसेल तेव्हा दोघं वेगवेगळ्या खोलीत. हो, म्हणजे ज्यासाठी आणला ते लगेच होणार नाही, आणलं आणि दोघं मिठी मारून झोपले असं फोटोतच असतं.

आता मांडी. हे बायकोनेच करायचंय. बबडी मांडीवरून गुरगुरली की ओरडायचं नाही, मारायचं तर नाहीच, शांतपणे उठून उभं राहायचं. मांडीच गायब. तो आला तरी ती गप्प राहिली की दोघांना खाऊ. गुरगुरण्यावर ओरडलात तर ती गुरगुरणं सोडेल आणि पुढच्या वेळी न सांगता चावेल. हे शेजारच्या कुत्र्यावरच आजपासून चालू करा, महिनाभर. त्यात फरक पडला तरच दुसरा आणा, नाही पडला तर बबडीला एकटं राहायला शिकवा आणि दुपारी कोणीतरी येऊन तिला फिरवून नेईल एवढी सोय करा. मुलगा कॉलेजमधून कधी येतो?

प्रश्न: आमच्या दोन डॅशहुंडांपैकी एक मागच्या महिन्यात गेला. दुसरा १२ वर्षांचा आहे, नुसता पडून असतो, अर्धंच खातो. त्याच्यासाठी लगेच पिल्लू आणू का?

उत्तर: नको. आधी डॉक्टरांकडे न्या, कारण या वयात नुसतं पडून राहणं म्हणजे दरवेळी दुःखच असेल असं नाही, या जातीत पाठीच्या मणक्याचं दुखणं खूप, दात पण बघून घ्या. दुखणाऱ्या पाठीवर पिल्लाने उड्या मारल्या तर चावा ठरलेला. काही नाही निघालं तर रोजची वेळ, रोजचा रस्ता तोच ठेवा, फिरणं कमी पण हुंगायला भरपूर वेळ, आणि गेलेल्याची गादी एवढ्यात धुवू नका, आमचा म्हातारा तिच्यावरच जाऊन झोपायचा.