पहिला ॲनिमोन आणताय? मग हात आवरा!

खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पहिलाच ॲनिमोन (खडकाला चिकटून राहणारा मऊ समुद्री प्राणी) आणतोय, काय काळजी घेऊ, असं विचारलंत. त्यासाठी बबल टिप ही जात निवडलीत, हे उत्तम. त्यातल्या त्यात तो सोशीक. पण टँक किती जुना आहे ते सांगितलं नाहीत. सहा महिने झाले नसतील, तर थोडं थांबाच.

निवडताना रंगावर भाळू नका. पांढराफटक दिसला, तर त्याच्या अंगातलं शेवाळ गेलेलं असतं आणि प्रकाशातून मिळणारं अन्नही. तोंड घट्ट मिटलेलं हवं, पाय, म्हणजे खालचा चिकटणारा भाग, फाटलेला नको.

सोडण्याआधी एवढं करा:

- पंपांच्या तोंडांना जाळी किंवा स्पंज लावा. हे आधी, बाकी सगळं नंतर! ॲनिमोन जागेवरून सरकत फिरतो, आणि पहिल्या रात्री बऱ्याचदा. माझा पहिला असाच पंपात गेला. सकाळी पाण्यात नुसत्या चिंध्या.
- टँकचं पाणी थेंबाथेंबाने देत तासभर सरावू द्या. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५च्या आसपास, तापमान २५-२६ अंश.
- खडकातल्या फटीजवळ ठेवा. पाय चिकटेपर्यंत प्रवाह मंद असू द्या.

मग हात आत घालायचा नाही. तो जागा बदलेल, आक्रसेल, तोंडातून तपकिरी घाण टाकेल, घाबरू नका. आठवडाभर खायलाही देऊ नका. ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या क्लाउनफिश माशाची घाई तर मुळीच नको, त्याच्या लाडाने नवा ॲनिमोन बेजार होतो.

मात्र तोंड उघडं पडून तो विरघळायला लागला, वास आला, तर लगेच बाहेर काढा. सडला तर सगळं पाणी नासवेल.

खाणं आणि लाइटचं वेळापत्रक तो स्थिरावल्यावर बघू.