देवळाचं चर्च झालं असेल तिथे खणताना

पहिल्याच उत्खननाला अशी जागा मिळतेय ना, मग आधी तुर्कस्तानातलं अफ्रोडिसियास हे प्राचीन शहर नीट बघ. अफ्रोडाइटी या ग्रीक देवीच्या देवळाचं तिथे इ. स. 500 च्या सुमारास चर्च झालं. गाभाऱ्याच्या भिंती उतरवून तेच दगड बाहेरच्या भिंतींना लावले, पुढचे-मागचे खांब हलवून बाजूच्या रांगा लांबवल्या. म्हणजे खांब देवळाचा, पण उभा चर्चच्या जागी! त्यामुळे नक्षी बघून भिंतीचा काळ ठरवू नकोस. पायाच्या चरातली आणि फरशीखालची माती बघ. अखंड फरशीखाली सापडलेलं सगळ्यात अलीकडचं नाणं ज्या काळातलं, त्याआधीची ती फरशी असूच शकत नाही.

चर्चमध्ये पुरलेली माणसंही निघतात. त्यांचे खड्डे खालच्या थरांत घुसतात आणि खापरांची सरमिसळ होते. माती थोडी ओली कर, सकाळच्या तिरप्या उन्हात खड्ड्याची कड दिसते. आधी खड्डा रिकामा कर, त्यातल्या वस्तूंची पिशवी वेगळी ठेव, मगच थराला हात लाव.

आणि देवळाची घाई नको. जुन्या उत्खननकारांनी त्या नादात वरचे ख्रिस्ती थर नोंद न करताच उपसून टाकलेत, ते आता कुठून आणायचे?