१८९८ मध्ये स्पेनने आपल्या शेवटच्या वसाहती कशा गमावल्या?

लोक म्हणतात 'अमेरिकेने हिसकावल्या', पण ते अर्धंच खरं. क्यूबात १८९५ पासून स्वातंत्र्ययुद्ध पेटलेलंच होतं. स्पॅनिश जनरल वेलरने खेड्यापाड्यांतली माणसं छावण्यांत कोंडली, तिथे भूक आणि रोगराईने हजारोंनी मेली. फिलिपिन्समध्येही १८९६ पासून बंड सुरू होतं. म्हणजे घर आधीच पोखरलेलं होतं.

फेब्रुवारी १८९८ मध्ये हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकी युद्धनौका स्फोटात बुडाली. कारण आजही वादग्रस्त आहे, पण अमेरिकी वृत्तपत्रांनी स्पेनला दोषी ठरवून टाकलं. एप्रिलमध्ये युद्ध. १ मे रोजी मनिलाच्या उपसागरात आणि ३ जुलैला क्यूबातल्या सांतियागोजवळ स्पेनचं आरमार संपलं.

पॅसिफिकमधल्या ग्वाम या स्पॅनिश बेटाचा किस्सा तर अफलातून! युद्ध सुरू झालंय हे तिथल्या स्पॅनिश अधिकाऱ्यांना माहीतच नव्हतं. अमेरिकी जहाजाने तोफा डागल्या, तर त्यांना वाटलं सलामी आहे. उलट सलामी द्यायला तोफांची दारू नाही म्हणून ते दिलगिरी व्यक्त करायला गेले.

डिसेंबरच्या पॅरिस तहात क्यूबावरचा हक्क सुटला, प्वेर्तो रिको आणि ग्वाम गेले, आणि फिलिपिन्सच्या बदल्यात २ कोटी डॉलर मिळाले. वाटाघाटींत क्यूबन किंवा फिलिपिनो प्रतिनिधींना जागाच नव्हती. उरलेली पॅसिफिक बेटं स्पेनने १८९९ मध्ये जर्मनीला विकून टाकली. आफ्रिकेतले काही तुकडे मात्र पुढे बरीच वर्षं त्याच्याकडे राहिले.