सेकंड बेसच्या पाठीशी उभा राहणारा सेंटर फील्डर

प्रश्न : बेसबॉलपटू ट्रिस स्पीकर सेंटर फील्डला (आउटफील्डच्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागाच्या, मधोमध) खेळायचा, तरी त्याच्या नावावर 449 असिस्ट आहेत. आउटफील्डमधून इतके गडी बाद कसे? आणि हा विक्रम आजही का टिकून आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तो उभा कुठे राहायचा, यातच निम्मे उत्तर आहे. स्पीकर सेकंड बेसच्या मागे इतका जवळ असे की जणू पाचवा इनफील्डरच (बेसजवळचा क्षेत्ररक्षक). आपल्या फेकीवर सहकाऱ्याने गडी बाद केला की असिस्ट मिळतो. सेकंड बेसपासून होम प्लेट (जिथे फलंदाज उभा असतो) सुमारे 127 फूट. त्याची फेक त्याहून फार लांबची नसे. 1909 आणि 1912 या दोन्ही हंगामांत त्याने 35-35 असिस्ट घेतले. शिवाय खाली येणारा झेल धावत टिपून तो स्वतःच सेकंड बेसवर पाय टेकवायचा. झेल होताच रनरला (बेसवरच्या धावपटूला) आपल्या बेसवर परतावे लागते; सेकंड बेसवरून पुढे निघालेला रनर परतायच्या आत बाद. 1918 च्या एप्रिलमध्ये हे दोनदा घडले. गंमत अशी, की त्यात असिस्ट धरत नाहीत. 449 हे त्याखेरीजचे.

हे धाडस परवडले ते चेंडूमुळे. एकच चेंडू डावामागून डाव चाले, माती आणि तंबाखूच्या थुंकीने काळा पडून मऊ होई. लांब फटके क्वचितच. तरी एखादा डोक्यावरून गेलाच, तर फलंदाज सहज थर्ड बेस गाठणार. म्हणून फटका बसताच पाठ फिरवायची, चेंडूकडे न बघता तो पडेल तिथे धावायचे आणि शेवटी मान वळवायची. सुरुवातीच्या काळात दिग्गज पिचर (चेंडू टाकणारा) साय यंगने उंच चेंडू मारून त्याचा हा सराव घेतला होता.

1920 मध्ये चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी येऊ लागली. त्याच ऑगस्टमध्ये डोक्याला चेंडू लागून रे चॅपमन दगावला (त्याच्या क्लीव्हलँड संघाचा मॅनेजर स्पीकरच होता), आणि पंच मळका चेंडू लगेच बदलू लागले. फटके लांबले, सेंटर फील्डर मागे सरकले. तेवढ्या लांबून फेक येईपर्यंत रनर पोहोचलेला असतो, आणि चांगल्या हाताचा फील्डर दिसला तर तो धावतच नाही.

प्रश्न : बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये (दिग्गजांच्या सन्मानदालनात) स्पीकर क्षेत्ररक्षणामुळे गेला का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : केवळ त्यामुळे नाही. 3,514 हिट (बेस मिळवून देणारे फटके), फलंदाजीची सरासरी .345, आणि 792 डबल (थेट सेकंड बेस गाठून देणारे फटके), जो विक्रम अजून अबाधित आहे. 1937 मध्ये त्याची निवड झाली. 1916 च्या हंगामाआधी पगाराच्या वादातून त्याच्या तेव्हाच्या बोस्टन संघाने त्याला दोन खेळाडू आणि 55,000 डॉलरच्या बदल्यात क्लीव्हलँडला देऊन टाकले. त्याच वर्षी .386 सरासरी राखून त्याने फलंदाजीत वर्षानुवर्षे अव्वल राहिलेल्या टाय कॉबची सद्दी मोडली. बोस्टनने मात्र 1916 ची वर्ल्ड सिरीज (अजिंक्यपदाची मालिका) जिंकली, म्हणून या सौद्याला व्हायला हवी तेवढी नावे ठेवली जात नाहीत.