आईनं टाकलेलं पिल्लू

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

कोंबडीनं टाकलेलं पिल्लू उचलून खोक्यात ठेवलंस, बरं केलंस. तिच्यावर मात्र राग धरू नकोस. रवणीवरची, म्हणजे कोंबडीखाली उबवायला ठेवलेली, अंडी एकविसाव्या दिवसाच्या मागंपुढं फुटतात. आधी निघालेल्या पिल्लांच्या पोटात बलकाची शिदोरी असते, म्हणून कोंबडी दीड-दोन दिवस बसून राहते आणि मग उठतेच. मागाहून निघालेलं लटपटतं पिल्लू तसंच राहतं. पिवळ्यांत एखादं काळं निघालं, तरी काही कोंबड्या त्याला टोचून हाकलतात.

घरची म्हणतील, आधी चार कण्या टाक. नको. आधी ऊब. गारठलेल्या पिल्लाला खाल्लेलं पचत नाही. पहिला आठवडा 35 अंश सेल्सिअस, पुढं दर आठवड्याला तीनेक अंश कमी. खोक्याच्या एका कोपऱ्यावर 40 किंवा 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब टांग. एलईडीचा नुसता उजेड पडतो. दुसरा कोपरा गार राहू दे, तापलं तर सरकेल तिकडं. बल्बखाली अंग चोरून ओरडत असेल तर बल्ब खाली घे. लांब जाऊन चोच उघडून धापा टाकत असेल तर वर कर. खानापूरच्या पावसात लाइट जाणारच, तेव्हा गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेव. खाली भाताचं तूस पसर. नुसत्या पेपरवर पाय घसरून फाकतात.

पाणी उथळ झाकणात, त्यात खडे टाकून, म्हणजे बुडणार नाही. एकदा चोच बुडवून दाखव. खायला चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य, आण. मिळेपर्यंत उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून चालेल. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य देऊ नकोस, त्यातला चुना मूत्रपिंडाला बाधतो. बुडाला शी चिकटून वाट बंद झाली तर कोमट पाण्यानं भिजवून काढ, ओढू नकोस.

एवढं करूनही ते टिपेला जाऊन ओरडत राहील. पोट भरलेलं, अंग गरम, तरी ओरडतंय म्हणजे त्याला सोबत हवी. वाकळेचा तुकडा टांगून ठेव, त्याखाली शिरेल. आरसाही थोडा वेळ फसवतो. दिवसभर तळहातावर घेऊन बसू नकोस. तुलाच आई समजलं की तू न्हाणीत गेलीस तरी घर डोक्यावर घेईल.

खरा उपाय गल्लीतच शोध. दोन-चार दिवसांची पिल्लं असलेली कोंबडी कुणाकडं आहे का? रात्री काळोखात हळूच तिच्या पंखाखाली सरकव आणि पहाटे उजाडायच्या आत जाऊन बस. टोचलं तर लगेच काढून आण. नाहीच जमलं तर त्याच वयाची दोन पिल्लं विकत आण, गिरिराज जातीची चालतील. बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली घेऊ नकोस, आधीच मेटाकुटीला आलेली असतात.

पाच ते सात दिवसांचं झालं की मानमोडीची (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची) लासोटा नावाची लस, डोळ्यात एक थेंब. एका कुपीत शंभरावर डोस असतात आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावे लागतात. तेव्हा आधी शेजारणींना विचार, सगळ्यांची पिल्लं गोळा कर, मगच गुरांच्या दवाखान्यात चौकशी कर. जाताना थर्मासात बर्फ ने.

तुझा,
काका